एका आयुष्यांत न मावणारें काम

८ नोव्हेंबर २०२१ रोजीं ज्यांनीं घरांतील संगणक किंवा मोबाइल उघडला, त्यांस गूगलच्या पानावर एका महाराष्ट्रीय विदुषीचें चित्र दिसलें. तें डॉ. कमल रणदिवे यांचें होतें, व त्या दिवशीं त्यांच्या जन्मास १०४ वर्षें पुरीं होत होतीं. ज्या पुण्यांत या बाई जन्मल्या, वाढल्या आणि शिकल्या, त्याच पुण्यांतील पुष्कळ सुशिक्षित घरांना त्यांचें नांव त्या सकाळीं प्रथम कळलें, हें कबूल करावयास हरकत नाहीं. माझ्या घरचीहि गोष्ट याहून निराळी नव्हती. त्यानंतर त्यांच्यावर जे लेख येत राहिले, त्यांतील हातीं लागले तेवढे मीं आस्थेनें वाचले. वाचून अभिमान वाटला. पण समाधान झालें नाहीं. वाङ्मय शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, अशा माणसास एखादा लेख वाचून समाधान कां झालें नाहीं, हें स्वतःस विचारण्याची खोड असते. त्या खोडीचें फळ म्हणजे प्रस्तुत लेख होय.

प्रथमच सांगितलेलें बरें कीं मी शास्त्राचा विद्यार्थी नाहीं. कर्करोगाविषयीं मत देण्याचा मला अधिकार नाहीं, व तें देण्याची इच्छाहि नाहीं. कर्करोगाच्या संशोधकांविषयीं आपण मराठींत कसें लिहितों, एवढ्याच गोष्टीची परीक्षा मला येथें करावयाची आहे. परंतु ही परीक्षा केवळ लेखनशैलीची आहे असें कोणी समजूं नये. आपण ज्या तऱ्हेनें संशोधकाचें चरित्र लिहितों, त्या तऱ्हेनेंच आपल्या घरांतील मुलें संशोधक होणें म्हणजे काय हें समजतात. आणि समज चुकीची झाली तर तिचा दंड त्या मुलांसच भरावा लागतो.

या लेखांचा सांचा बहुतेक एकच आहे. जन्म १९१७ चा, वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्राचे अध्यापक, शाळा हुजूरपागेची, मुलीनें डॉक्टर व्हावें व डॉक्टराशींच लग्न करावें ही वडिलांची इच्छा, आणि ती बाजूस सारून मुलीनें धरलेली वनस्पतिशास्त्राची व प्राणिशास्त्राची वाट, १९३९ सालीं गणितज्ञ जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशीं विवाह, १९४३ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजांतून सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींवर अभ्यास करून मिळविलेली एम्.एस्सी.; १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट; मग अमेरिका; परत आल्यावर परळ येथें पेशिसंवर्धनाची प्रयोगशाळा; १९६६ ते १९७० पर्यंत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचें प्रभारी संचालकत्व; १९८२ सालीं पद्मभूषण; २००१ सालीं निधन. शेवटीं, आजच्या तरुणींनीं हा आदर्श डोळ्यांपुढें ठेवावा असें एक वाक्य.

यांतील एकहि विधान खोटें नाहीं. तरीहि हें चरित्र नव्हे. ही पायऱ्यांची मोजदाद आहे. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पाय कसा पडला, कोणीं हात दिला, कोणतें कसब कोणापासून घेतलें आणि पुढें कोणास दिलें, यांविषयीं अक्षर नाहीं. सीताफळाच्या पेशींकडे पाहणारी विद्यार्थिनी कर्करोगाच्या पेशींकडे कशी वळली, हा या चरित्रांतील सर्वांत मनोवेधक प्रश्न. आणि तोच कोणी विचारीत नाहीं. ‘१९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली’ एवढें सांगून लेखक पुढें जातो. त्या एका वाक्याच्या मागें एक मोठा गुरु उभा आहे, हें वाचकास कळतहि नाहीं.

ते गुरु म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५ चा. विकृतिशास्त्राचा, म्हणजे रोगामुळें शरीराच्या घटकांत काय बिघाड होतो या शास्त्राचा, अभ्यास त्यांनीं लंडन येथें केला; नंतर मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तो विषय शिकविला; आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें तेव्हां तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. पुढें १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें, त्याचेहि पहिले संचालक तेच. १९५० ते १९५४ पर्यंत ते कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्ष होते, व नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. हीं पदें मोठीं आहेत. परंतु पदांवरून गुरूची पारख होत नाहीं. ती करावयाची तर १९४५ सालच्या एका निबंधाकडे पाहावें लागतें.

हा निबंध खानोलकर व त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई या दोघांच्या नांवानें अमेरिकेंतील विकृतिशास्त्राच्या एका मासिकांत प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांत आढळणारे, लोकांच्या चालीरीतींमुळें उद्भवणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यांत वर्णन केले आहेत. एक धोतराचा किंवा लुगड्याचा काच वर्षानुवर्षें कमरेस बसून तेथील त्वचेस होणारा. दुसरा चुट्टा पेटलेलें टोंक आंत धरून ओढल्यानें टाळूस होणारा. आणि तिसरा तंबाखू व चुना यांची खैनी खालच्या ओठाच्या आंत धरल्यानें तेथें होणारा. हिंदी लोकांत कर्करोग फारसा नाहीं, अशी एक समजूत त्यापूर्वीं पुष्कळ दिवस रूढ होती. खानोलकरांनीं त्या समजुतीशीं वादविवाद न करतां आपल्या दारीं येणाऱ्या रोग्याचें धोतर पाहिलें, त्याची चंची पाहिली, त्याच्या बायकोची चुट्टा ओढण्याची तऱ्हा पाहिली. ज्याचें शिक्षण इंग्रजींत झालें त्यानें आपल्या माणसांकडे पाहावयाचें कसें, याचा हा धडा आहे. माझ्यासारख्या इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकासहि तो शिकण्यासारखा आहे. मग त्यांच्या प्रयोगशाळेंत रोज वावरणाऱ्या तरुण मंडळींस तो वेगळा शिकवावा लागत असेल असें मला वाटत नाहीं.

अशा गुरूच्या हातीं एक हुशार आणि कष्टाळू विद्यार्थिनी आली. तिचा प्रबंध पुरा झाला. आतां तिला आपल्यापाशींच ठेवून घ्यावें, आपल्या कामास जुंपावें, व तिच्या बोटांच्या कसबावर आपले निबंध वाढवावे, ही वाट सर्वांत सोपी होती. आणि त्यास कोणी नांव ठेविलें नसतें. खानोलकरांनीं निराळें केलें. त्यांनीं तिला अमेरिकेंत जाण्यास उत्तेजन दिलें. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत पेशिसंवर्धनाची विद्या शिकून बाई परत आल्या, आणि त्या विद्येची प्रयोगशाळा त्यांनीं परळ येथें उभी केली. स्वतः गुरु विकृतिशास्त्राचे पंडित. ते मेलेल्या पेशी रंगवून भिंगाखालीं पाहणाऱ्या परंपरेंतले. शिष्येनें आणावयाची विद्या मात्र जिवंत पेशी वाढविण्याची. आपल्या विद्येच्या पलीकडे शिष्यास पाठविणें आणि तो परत आल्यावर त्याला जागा करून देणें, हीं गुरुत्वाचीं दोन लक्षणें मला या एका हकीकतींत दिसतात. आणि आमच्या चरित्रकारांनीं नेमकी हीच हकीकत एका अर्धविरामांत गुंडाळली आहे.

पेशिसंवर्धन ज्याला म्हणतात, व जें बोलण्यांत टिश्यू कल्चर या नांवानेंच सर्वांस ठाऊक आहे, तें पुस्तकावरून शिकतां येणारें ज्ञान नव्हे, हेंहि येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. शरीरांतून काढलेल्या पेशी कांचेच्या भांड्यांत योग्य त्या द्रवांत ठेवावयाच्या, शरीराची ऊब तेथें कायम राखावयाची, हवेंतील एकहि जंतु आंत जाऊं द्यावयाचा नाहीं, आणि पेशी वाढून भांडें भरलें कीं त्या वेळींच दुसऱ्या भांड्यांत विभागावयाच्या. यांत थोडी हयगय झाली कीं महिन्यांचें काम एका रात्रींत नासतें. लोणचें घालणाऱ्या आजीचें ज्ञान जसें हातांत असतें, तसें हें ज्ञान हातांत असतें. तें एका हातानें दुसऱ्या हातास द्यावें लागतें.

इंग्रजींत हें हातांचें ज्ञान वर्णन करणारें एक पुस्तक आहे. रिबेका स्क्लूट या लेखिकेनें हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णी अमेरिकन स्त्रीची जी कथा २०१० सालीं प्रसिद्ध केली, तिचा मुख्य विषय अन्यायाचा आहे. १९५१ सालीं या स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील गांठीचा तुकडा तिची संमति न घेतां काढला गेला. त्यांतील पेशी गाय यांच्या प्रयोगशाळेंत अखंड वाढत राहिल्या, हीला या नांवानें जगभर गेल्या, आणि तिच्या मुलांबाळांना याचा पत्ता कित्येक वर्षें लागला नाहीं. परंतु त्या ग्रंथांतील प्रयोगशाळेचीं पानें वाचतांना मला आपल्या चरित्रलेखनाची आठवण झाली. तेथें केवळ गाय दिसत नाहींत. शस्त्रक्रियेच्या दालनांत परिचारिका म्हणून तयार झालेल्या त्यांच्या पत्नी मार्गारेट दिसतात, ज्यांनीं प्रयोगशाळेस निर्जंतुकतेची शिस्त लावली; आणि मेरी कुबिचेक ही तरुण मदतनीस दिसते, जिच्या हातांनीं तो तुकडा कापला जाऊन नळ्यांत गेला. विद्या एका माणसाच्या डोक्यांत नसून चारसहा माणसांच्या वागणुकींत असते, हें वाचकास न सांगतां कळतें. ज्या प्रयोगशाळेंत आपल्या पुण्याची एक बाई शिकली, तिचें असें चित्र रेखाटण्याचें काम परक्या लेखिकेनें करावें, आणि त्या बाईंनीं परळास उभारलेल्या प्रयोगशाळेचें चित्र मराठींत मला कोठें सांपडूं नये, याचा खेद वाटतो.

याच पेशींच्या पुढील इतिहासांत गुरुशिष्यांना उपयोगी असा दुसराहि धडा आहे. गाय यांनीं हीला पेशी मागेल त्यास दिल्या. त्या इतक्या जोमदार निघाल्या कीं निष्काळजीपणानें एक थेंब दुसऱ्या भांड्यांत पडला तरी तेथील मूळच्या पेशी मागें पडून त्याच माजत. १९६६ सालीं स्टॅन्ले गार्टलर यांनीं दाखवून दिलें कीं निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या व अनेक प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या कित्येक पेशी वस्तुतः हीलाच आहेत. ज्यांनीं त्यांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले होते, त्यांना हें ऐकणें गोड वाटलें नाहीं. यांत पाप कोणाचें? अर्थात् ज्या प्रत्येक गुरूनें शिष्याच्या हातीं नळी दिली आणि ज्या प्रत्येक शिष्यानें तिच्यावरील चिठ्ठी वाचून ती घेतली, त्या सर्वांचें. ‘ही नळी जिच्या नांवाची आहे तिचीच आहे काय?’ हा प्रश्न शिष्यानें विचारावयास हवा होता. आणि तो विचारण्याचें धैर्य त्याला गुरूनें द्यावयास हवें होतें.

येथें आपल्या गुरुभक्तीच्या परंपरेचा विचार करणें प्राप्त आहे. निवृत्तिनाथांपासून पुढें गुरूचें माहात्म्य गाण्यांत मराठी वाणीनें आपलें सर्वोत्तम वैभव खर्च केलें आहे. संगीतांतील घराण्यांचा अभिमान तर पुण्याच्या हाडांमांसीं खिळलेला आहे. भास्करबुवा बखले यांनीं १९११ सालीं येथें स्थापलेल्या भारत गायन समाजापासून आजपर्यंत, अमका कोणाचा शागीर्द हा प्रश्न आपण गाणें ऐकण्यापूर्वीं विचारतों. म्हणून शास्त्रीय संशोधनांतील गुरुशिष्यसंबंधाविषयीं कोणी लिहूं लागला कीं ‘घराणें’ हा शब्द सहज त्याच्या लेखणींत येतो. अर्धी उपमा खरी आहे. हाताचें कसब, रियाजाचा कंटाळा न करणें, बैठकीची शिस्त, हें सर्व दोहोंकडे सारखें आहे. परंतु उरलेल्या अर्ध्या भागांत ती उपमा घात करते. गाण्यांत शिष्यानें गुरूची चीज गुरूसारखी म्हटली तर तें त्याचें भूषण होय. प्रयोगशाळेंत गुरूची चीज चुकीची ठरविणें हें शिष्याचें कर्तव्य असूं शकतें. घराण्याच्या आदराची सर्व ऊब ठेवावी, आणि तरीहि गुरूस ‘हें खरें नाहीं’ असें म्हणण्याची मोकळीक असावी, हें आपल्या परंपरेस अवघड जातें.

हें मी पुस्तकावरून लिहीत नाहीं. आमच्या नात्यांतील एक मुलगी कर्करोगाच्याच विषयावर एका दूरच्या शहरांत संशोधन करीत होती. तिसऱ्या वर्षीं तिच्या प्रयोगांतून जें निघालें तें तिच्या मार्गदर्शकांच्या पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या अनुमानाशीं जुळेना. तिनें प्रयोग तीनदां केला. तिन्ही वेळां तेंच. मार्गदर्शक गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनीं तिला इतकेंच सांगितलें कीं आधीं प्रबंध पुरा कर, हें पुढें पाहूं. ती दिवाळीस पुण्यास आली तेव्हां तिनें आपली वही मला दाखविली. मला त्यांतील आंकड्यांचें काय कळणार? परंतु तारखा व्यवस्थित होत्या, खाडाखोड नव्हती, आणि तिसऱ्या प्रयोगाखालीं पेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह काढलेलें होतें. मीं तिला काय सांगितलें? गुरूंचा मान राखावा, पदवी घ्यावी, मग बोलावें, असें मीं सांगितलें. घरांतील सर्व वडील मंडळींनीं तेंच सांगितलें. तिनें पदवी घेतली, आणि संशोधन सोडलें. आज ती चांगल्या पगारावर एका औषधांच्या कंपनींत आहे व सुखी आहे. परंतु त्या प्रश्नचिन्हाचें पुढें काय झालें, हें कोणास ठाऊक नाहीं. त्या दिवशीं मीं दिलेला सल्ला सभ्य माणसाचा होता. तो चांगल्या शिक्षकाचा होता असें मला आज म्हणवत नाहीं.

एक प्रश्नचिन्ह पुसलें गेलें म्हणून एवढें काय बिघडलें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुन्हां १९४५ च्या निबंधाकडे नेतें. त्या वर्षीं खानोलकर व सूर्याबाई यांनीं तंबाखूच्या खैनीकडे बोट दाखविलें. १९७६ सालीं रणदिवे, गोठोसकर प्रभृति मंडळींनीं सुपारी व तंबाखू यांचे प्रयोगशाळेंतील प्राण्यांवर केलेले प्रयोग कर्करोगाच्या एका आंतरराष्ट्रीय मासिकांत प्रसिद्ध केले. १९८५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें तंबाखू घातलेलें पान कर्करोगकारक आहे असा निर्णय दिला. आणि नुसती सुपारीहि कर्करोगकारक आहे, असा त्याच संस्थेचा निर्णय २००४ सालच्या ग्रंथांत प्रसिद्ध झाला. १९४५ पासून २००४ पर्यंत ५९ वर्षें होतात. खानोलकर १९७८ सालीं वारले. कमलाबाई २००१ सालीं गेल्या. ज्या प्रश्नाशीं गुरु आणि शिष्या या दोघांचा संबंध आला, त्याचा हा शेवटचा निकाल दोघांपैकीं एकानेंहि पाहिला नाहीं. हें दैवाचें क्रौर्य नव्हे. या कामाचें मापच तेवढें आहे. कर्करोग माणसाच्या शरीरांत वीस-तीस वर्षें दबून राहतो. त्याचें कारण शोधणारास त्याहून अधिक काळ लागावा यांत नवल नाहीं. हें काम एका आयुष्यांत मावत नाहीं.

आतां माझें समाधान कां झालें नाहीं तें स्पष्ट होईल. जें काम एका आयुष्यांत मावत नाहीं, तें आपण एका आयुष्याच्या चरित्रांत बसवूं पाहतों. मग एकच उपाय उरतो: कामाचे तुकडे करून त्यांतील एक तुकडा त्या व्यक्तीच्या नांवें मांडणें व त्यास यश म्हणणें. अशा चरित्रांत शिष्य हा शोभेस येतो, म्हाताऱ्याच्या भोंवतीं नातवंडें यावींत तसा. वस्तुतः शिष्य ही संशोधनाची शोभा नसून त्याची गरज आहे. तो नसेल तर प्रश्नच मरतो.

आत्मचरित्रांची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि हा फरक लक्षांत घेण्याजोगा आहे. धर्मानंद कोसंबी यांचें ‘निवेदन’ म्हणजे गुरूच्या शोधांत निघालेल्या विद्यार्थ्याचीच कथा. जयंत नारळीकर यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रांत केंब्रिजचे दिवस आहेत, व त्या दिवसांत फ्रेड हॉईल यांच्यासारखा मार्गदर्शक आहे. १९६१ सालीं हॉईल यांच्या सिद्धांतावर मोठा हल्ला झाला असतां, रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेंत त्यांची बाजू मांडण्याचें काम त्यांनीं आपल्या या तरुण विद्यार्थ्यावर सोंपविलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे गुरूकडे वर पाहून लिहिणें आपणांस साधलें आहे. उलट दिशेनें, गुरूपासून शिष्यांकडे उतरत जाणारें चरित्र मात्र आपण लिहीत नाहीं. अमक्यानें काय केलें हें लिहितों. अमक्याकडे शिकून कोण काय करूं लागले हें लिहीत नाहीं.

या उणिवेस एक अपवाद सांगितला पाहिजे, आणि तो इंग्रजींत आहे. रोहिणी गोडबोले व रामकृष्ण रामस्वामी यांनीं संपादिलेला भारतीय स्त्रीशास्त्रज्ञांविषयींचा ‘लीलावतीज् डॉटर्स’ हा ग्रंथ इंडियन अॅकॅडेमी ऑफ सायन्सेस या संस्थेनें २००८ सालीं काढला. रोहिणीबाईहि पुण्याच्या, व हुजूरपागेच्याच विद्यार्थिनी. २०२४ सालीं त्यांचें येथेंच निधन झालें. त्यांतील कमलाबाईंवरील टिपण रजनी भिसे यांचें आहे. भिसेबाई स्वतः परळच्या त्याच संस्थेंत पुढील पिढीच्या संशोधिका होत्या, आणि विड्यांच्या धंद्यांत तंबाखू हाताळणाऱ्या कामगारांच्या प्रकृतीवर त्यांनीं काम केलें. १९४५ मध्यें जी नजर रोग्याच्या चंचीकडे गेली, तीच पुढें विडी वळणाऱ्या बाईच्या बोटांकडे गेली. टिपण लहान आहे. पण लिहिणारी व्यक्ति त्याच कामांतली आहे, एवढ्यानेंच त्याला वजन येतें. असा ग्रंथ मूळ मराठींत व्हावयास हवा होता.

एक गोष्ट मात्र कमलाबाईंच्या चरित्रकारांनीं अगदीं शेवटीं, पुरवणीसारखी सांगितली आहे, जी मी सर्वांत आधीं सांगेन. १९७३ सालीं त्यांनीं इतर सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेनें नवी मुंबईंत वाशी येथें व्याख्यानांबरोबर नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं वसतिगृह आणि मुलांसाठीं पाळणाघर चालविलें. शास्त्रज्ञांच्या संघटनेनें पाळणाघर काढावें, याचें कोणास हंसूं येईल. मला त्यांत खानोलकरांच्या शिष्येची खरी नजर दिसते. गुरूनें रोग्याचें धोतर पाहिलें. शिष्येनें संशोधिकेचें घर पाहिलें. पेशी रात्रीं-अपरात्रीं पाहाव्या लागतात आणि मूल संध्याकाळीं रडतें, या दोन गोष्टींची सांगड कोणी घातल्यावांचून पुढील पिढी तयार होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें.

आज टिश्यू कल्चर ही दुर्मिळ विद्या राहिलेली नाहीं. पुणे विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथें निरनिराळ्या पेशी जतन केल्या जातात व देशभरच्या प्रयोगशाळांस पुरविल्या जातात. परळची संशोधन संस्था नवी मुंबईंत खारघर येथें गेली आहे. आपल्या ओळखीच्या प्रत्येक चार घरांत एखादें मूल अशा एखाद्या प्रयोगशाळेंत काम करीत आहे, किंवा करूं इच्छितें. त्या मुलांना आपण पद्मभूषणाच्या गोष्टी सांगतों. त्याऐवजीं त्यांना विचारावें, कीं तुझ्या हातीं पहिली नळी कोणीं दिली, तिच्यावरील चिठ्ठी खरी आहे हें तूं पाहिलेंस काय, आणि तुझ्या वहींत प्रश्नचिन्ह असेल तर तें तूं कोणास दाखवूं शकतोस? या शेवटच्या प्रश्नास त्याला उत्तर नसेल, तर तें प्रश्नचिन्ह निदान घरांत तरी पुसलें जाणार नाहीं एवढी काळजी आपण घ्यावी.

आणि लेखकांस एक विनंति. परळच्या त्या प्रयोगशाळेंत कमलाबाईंच्या हाताखालीं ज्यांनीं तरुणपणीं काम केलें, ते आज वयोवृद्ध झाले असतील. त्यांना जाऊन भेटावें. बाई रागावत कशा, वही तपासत कशा, चूक सांपडली म्हणजे काय म्हणत, स्वतःची चूक कोणी दाखविली तर काय करीत, हें विचारून लिहून ठेवावें. तारखा आणि पदव्या कोठेंहि मिळतील. ह्या गोष्टी मात्र त्या मंडळींबरोबर जातील, आणि मग त्यांचें चरित्र लिहिणें कोणासहि शक्य होणार नाहीं.